निळा डोंगर, तांबडा डोंगर

गेल्या अंकात अंजनेरीबद्दलच्या एका उत्तरात मी ओघात लिहून गेले होते की, मुलीकडे स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला गेले असताना केर्नगॉर्म नावाच्या डोंगरावर चढले आणि उंचीत तो आपल्या अंजनेरीपेक्षा थोडा कमीच भरतो. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. म्हणून या खेपेला बाकीच्या प्रश्नांना थांबायला सांगते आणि सगळी जागा त्या डोंगराला देते. पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी तुमचा ब तुकडीतला विद्यार्थी, हल्ली सातपूरला कारखान्यात असतो. अंजनेरीवर डिसेंबरातही दुपारी स्वेटर काढावा लागतो. त्याच उंचीच्या डोंगरावर तुम्हाला जूनमध्ये बर्फ दिसला असं लिहिलंय. आकडा छापताना चुकला का?

उत्तर : आकडा चुकलेला नाही. केर्नगॉर्म १,२४५ मीटर. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी दोन्ही तेराशेच्या आसपास. सगळ्या ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस, तेही १,३४५ मीटरच. आपला साल्हेर १,५६७. पण तुला वर्गात सांगायचे ते आठव. डोंगराची उंची समुद्रापासून मोजतात आणि आपण समुद्रापासून चढायला सुरुवात करत नाही. नाशिक शहरच मुळात सहाशे मीटरवर बसलेलं आहे. केर्नगॉर्मच्या खालचं अ‍ॅव्हिमोर हे गाव सव्वादोनशे मीटरवर आहे आणि डोंगराच्या कुशीत जिथे गाड्या लावतात ती जागा बरोबर आपल्या नाशिकच्या उंचीची. म्हणजे आपण जिथे भाजी आणायला जातो, त्या उंचीवर तिथे झाडांची हद्द संपत येते. त्या भागात नैसर्गिकपणे वाढणारं पाइनचं रान ६४० मीटरच्या सुमाराला थांबतं. त्याच्या वर गवत, हेदरची झुडपं, शेवाळ आणि दगड.

याचं कारण भिंतीवरच्या नकाशात आहे. नाशिक २० अक्षांशावर, केर्नगॉर्म ५७ अक्षांशावर. त्याच रेषेवरून बोट पुढे सरकवलंस तर सायबेरिया लागतो. अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहामुळे किनाऱ्याची गावं बरीच सुसह्य राहतात, पण डोंगरमाथ्यापर्यंत ती ऊब पोचत नाही. आपल्याकडे निफाडला पारा चार-पाचच्या खाली आला की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात आणि दुसऱ्या दिवशी ती पहिल्या पानावरची बातमी होते. केर्नगॉर्मच्या माथ्यावर तसा दिवस उन्हाळ्यातही येतो. मी गेले तो १९ जून होता. मुलीनं मला दोन स्वेटर, कानटोपी आणि जावयाचं वाऱ्याचं जाकीट चढवलं होतं, तरी माथ्यावर दशमी खाताना बोटं वळत नव्हती.

आणि वारा. थंडीपेक्षाही वारा. माथ्यावर एक स्वयंचलित वेधशाळा आहे, ती यंत्रं दर थोड्या वेळानं बाहेर काढते आणि परत पेटीत घेते, नाहीतर बर्फ त्यांना गिळून टाकेल. २० मार्च १९८६ ला तिथे ताशी २७८ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. हा वाराच जूनमधल्या बर्फाचं कारण आहे. हिवाळ्यात पठारावर पडलेला बर्फ तो झाडूनं लोटावा तसा लोटतो आणि ईशान्येकडच्या खोल कपारींत नेऊन टाकतो. तिथे ऊन जेमतेम शिरतं, त्यामुळे तो उन्हाळाभर टिकतो.

शेजारच्या ब्रेरियाख डोंगरावर तर एक कपार अशी आहे की, तिथला बर्फ वर्षानुवर्षं विरघळत नसे. विसाव्या शतकात तो पूर्ण नाहीसा झाला तीनदा : १९३३, १९५९ आणि १९९६ मध्ये. या शतकात २००३, २००६, २०१७, २०१८ आणि मग २०२१, २०२२, २०२३ अशी लागोपाठ तीन वर्षं. तुमच्या वर्गाला मी हवामानबदल हा धडा शिकवलाच नव्हता, तेव्हा पुस्तकात तो नव्हताच. आज शिकवायचा झाला तर मी फळ्यावर फक्त ही वर्षं लिहीन.

प्रश्न : सा. न. वि. वि. मी त्र्यंबकेश्वरचा निवृत्त मराठी शिक्षक. ब्रह्मगिरी, अंजनेरी, नीलपर्वत या नावांमागे आपल्याकडे कथा आहेत. तुमच्या त्या ‘केर्नगॉर्म’चा अर्थ काय? तिथल्या लोकांनी ते नाव कशावरून दिलं? आणि तिथून एखादी गोदावरी निघते का?

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र वाचून मला दोन दिवस झोप धड लागली नाही, इतकं त्यात सांगण्यासारखं आहे. तुम्ही ‘नीलपर्वत’ लिहिलंत आणि उत्तर तुमच्याच गावात निघालं. केर्नगॉर्म म्हणजे नीलपर्वतच.

हे नाव इंग्रजी नाही, गेलिक आहे, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जुन्या भाषेतलं. ‘कार्न’ म्हणजे दगडांची रास, दगडगोट्यांचा डोंगर. ‘गोर्म’ म्हणजे निळा. मात्र गेलिकमध्ये हा शब्द कोवळ्या गवताच्या हिरव्यालाही चालतो. निळ्या-हिरव्याची सीमा त्या भाषेनं आपल्यापेक्षा वेगळ्या जागी आखली आहे. त्यातही तुम्हाला आवडेल अशी गोष्ट पुढे आहे. गेलिक माणूस ‘गोर्म’ म्हणत नाही, ‘गोरम’ म्हणतो. र आणि म यांच्यामध्ये एक बारीक स्वर आपोआप येतो. आपल्याकडे धर्मचं धरम आणि कर्मचं करम होतं, अगदी तसं. आणि गेलिकचा अभ्यास करणारे पंडित या स्वराला काय म्हणतात? स्वरभक्ती! आपल्या प्रातिशाख्यांतला, म्हणजे वेदांच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथांतला शब्द, जसाच्या तसा. मुलीच्या घरी एका पुस्तकात तो रोमन अक्षरांत छापलेला पाहिला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या मुलीला हाक मारून बोलावलं.

आता रंगाचं. स्पे नदीच्या खोऱ्यातून, अ‍ॅव्हिमोरच्या बाजूनं पाहिलं तर तो डोंगर खरंच निळा दिसतो. दुरून डोंगर साजरे, आणि दुरून डोंगर निळे. पण पायाखाली आला की तो निळा राहत नाही. तिथला दगड ग्रॅनाइट आहे, फिकट गुलाबी, झिजून त्याची वाळू तांबूस होते. म्हणून त्या साऱ्या पर्वतरांगेचं जुनं गेलिक नाव ‘अम मोनग रुअग’, म्हणजे तांबडे डोंगर. स्पे नदीच्या पलीकडची रांग ‘मोनग लिअ’, करडे डोंगर. नदीच्या एका अंगाला तांबडे, दुसऱ्या अंगाला करडे. खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला रोज दिसणारा हा हिशेब. पुढे बाहेरून प्रवासी आले, त्यांना खोऱ्यातून ठळक दिसणाऱ्या एका डोंगराचं नाव कळलं आणि त्यांनी ते साऱ्या रांगेला लावून टाकलं. आज नकाशावर ‘केर्नगॉर्म्स’ आहे आणि तांबडे डोंगर हे नाव जाणकारांपुरतं उरलं आहे. एक तांबडी रांग निळ्या नावानं ओळखली जाते.

हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? मला ‘पश्चिम घाट’ आठवला. घाट म्हणजे डोंगर उतरायची वाट. कसारा घाट, नाणेघाट, बोरघाट. गोरे साहेब मुंबईहून वर चढायचे, कुणाला विचारायचे हे काय, आणि उत्तर मिळायचं घाट. त्यांनी डोंगरालाच घाट समजून नकाशावर लिहिलं. सह्याद्रीला वाटेचं नाव मिळालं. मी बत्तीस वर्षं पुस्तकात होतं म्हणून ‘पश्चिम घाट’ शिकवला आणि दर वर्षी त्याच तासाला पोरांना सांगितलं की, आपलं नाव सह्याद्री.

नावं बदलण्यामागे लाजही असते. त्याच रांगेत एक टोकदार सुळका आहे, १,००४ मीटरचा. इंग्रजीत त्याला ‘सैतानाचं टोक’ म्हणतात. मूळ गेलिक नाव ‘बोड अन द्यावन’, त्याचा अर्थ सैतानाचं लिंग. व्हिक्टोरिया राणीनं अर्थ विचारला आणि सोबतच्या सेवकाला तिच्यापुढे खरं सांगवेना, म्हणून त्यानं सौम्य करून सांगितलं, अशी आख्यायिका आहे. राणी त्या भागात हिंडली होती हे खरं, १८५९ मध्ये ती त्याच रांगेतल्या बेन मॅकडुई शिखराच्या माथ्यावर जाऊन आली. आपल्याकडे मनमाडजवळचा सुळका आगगाडीतून जाणारे ‘थम्स अप’ म्हणून दाखवतात. अंकाईच्या खालच्या माणसाला विचारा, तो म्हणेल हडबीची शेंडी. आपल्या पांडवलेण्याचंच घ्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या शिलालेखात त्या डोंगराचं नाव ‘तिरण्हु’ कोरलेलं आहे, त्रिरश्मी. रिक्षावाल्याला आज ते नाव सांगितलं तर तो गाडी कुठे वळवायची ते विचारील.

गेलिकची गोष्ट आपल्यापेक्षा दुःखाची आहे. या डोंगरांच्या दक्षिणेला ब्रेमार नावाचं गाव आहे. त्या बाजूची गेलिक बोली आईकडून शिकून बोलणारं शेवटचं माणूस १९८४ मध्ये गेलं. म्हणजे आज त्या खोऱ्यात प्रत्येक ओहोळाला, प्रत्येक कपारीला नाव आहे, पण त्या नावाचा अर्थ घरात कुणी बोलून सांगत नाही. ‘कोरी अन त्न्येख्क’ म्हणजे बर्फाची कढई, ‘कोरी अन लोखन’ म्हणजे तळ्याची कढई. हिमनदीनं खरवडून काढलेल्या गोल कपारीला ती माणसं कढई म्हणत. तोच ‘कोरी’ शब्द पुढे जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत गेला. मी तो शेकडो मुलांकडून पाठ करून घेतला आणि त्याचा अर्थ कढई हे मला अडुसष्टाव्या वर्षी, त्या कढईच्या काठावर बसल्यावर कळलं. आपल्या पेठ-सुरगाण्यात, हरसूलच्या बाजूला कोकणा, महादेव कोळी, ठाकर मंडळींकडे अशी बारीक नावं अजून जिवंत आहेत. गुरुजी, तुम्ही त्र्यंबकला आहात, चालता फिरता आहात. ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या पाड्यांवर जाऊन झऱ्यांची, कड्यांची, खिंडींची नावं वहीत उतरवून घ्याल का? हे मी मनापासून विचारते आहे. वही मी देते.

नदीचं उत्तर देताना हात जोडावेसे वाटतात. हो, तिथून गोदावरी निघते. तिचं नाव डी. ब्रेरियाखच्या उघड्या पठारावर, सुमारे १,२२० मीटरवर, शेवाळात तिचे झरे आहेत. ब्रिटनमधल्या कुठल्याही मोठ्या नदीचा उगम एवढ्या उंचीवर नाही. पठारावर थोडं वाहून ती एकदम कड्यावरून खाली उडी घेते, पुढे ब्रेमारवरून, ब्रिटिश राजघराण्याच्या बालमोरल राजवाड्यावरून अ‍ॅबरडीनला समुद्राला मिळते. लांबी जेमतेम १४० किलोमीटर. आपल्या गोदेच्या १,४६५ पुढे ती ओढ्यासारखी. पण मुलीच्या घराजवळच्या पुलावरून मी रोज तिच्याकडे बघायची आणि मनात गंगाद्वार यायचं. माझी तिच्या उगमापर्यंत जायची ताकद नव्हती. जावई जाऊन आला, त्यानं ओंजळीतल्या पाण्याचा फोटो आणला.

प्रश्न : मी दिंडोरीला आठवीत आहे. आजोबा तुमचं पान वाचून दाखवतात. स्कॉटलंडच्या डोंगरावर पांढरे ससे आणि पांढरे पक्षी असतात का? उन्हाळ्यात ते काय करतात? तुम्ही कोणते प्राणी पाहिले?

उत्तर : बाळ, उन्हाळ्यात ते कपडे बदलतात. तिथला डोंगरी ससा हिवाळ्यात पांढरा होतो, फक्त कानांची टोकं काळी राहतात. वसंतात तो तपकिरी होतो. पण केव्हा बदलायचं हे तो दिवस किती मोठा झाला यावर ठरवतो, बर्फ आहे की नाही हे बघून नाही. आता बर्फ लवकर वितळतो आणि ससा मात्र पांढराच असतो. तपकिरी डोंगरावर पांढरा ससा म्हणजे गरुडाला दुरून दिसणारं ताट. स्कॉटलंडमध्ये १ मार्च २०२१ पासून या सशाला कायद्याचं संरक्षण मिळालं, परवान्याशिवाय त्याला मारता येत नाही.

पांढरा पक्षी म्हणजे टार्मिगन. कोंबडीपेक्षा लहान, तित्तिरापेक्षा थोराड. तो वर्षातून तीनदा पिसं बदलतो : हिवाळ्यात पांढरा, मग तपकिरी ठिपक्यांचा, शरदात करडा. त्याच्या पायाच्या बोटांवरही पिसं असतात, लोकरीचे मोजे घातल्यासारखी. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग लिहिताना सुरुवातीला ‘पी’ लिहावं लागतं आणि म्हणायचं मात्र नाही. तुझ्या बाईंना विचारलंस तर त्या म्हणतील पाठ कर. खरं कारण असं की, मूळ गेलिक शब्द ‘तार्मखन’, त्यात प नाहीच. १६८४ मध्ये एका स्कॉटिश विद्वानाला वाटलं हा शब्द ग्रीक असणार, ग्रीकमध्ये पंखाच्या शब्दाची सुरुवात प-नं होते, म्हणून त्यानं पुढे एक ‘पी’ चिकटवला. साडेतीनशे वर्षं पोरं ती चूक पाठ करताहेत.

मी तो पक्षी पाहिला. माथ्यापासून थोडं खाली, दगडांच्या चिपांमध्ये मी बूट बांधायला वाकले आणि हाताच्या अंतरावरचा एक दगड उठून चालायला लागला. मागे पाच पिल्लं. लोळवल्यासारखी धावली आणि परत दगड झाली. मी श्वास रोखून बसले आणि मग मागे सरले, कारण पिल्लांपासून आईला लांब ठेवणं बरं नाही.

तिथे डॉटरेल नावाचा छोटा पक्षी येतो, आफ्रिकेच्या उत्तरेकडून, उन्हाळ्यापुरता. त्यात मादी जास्त रंगीत आणि अंडी बाबा उबवतो. माणसाला भीत नाही म्हणून गेलिक लोक त्याला ‘माळावरचा वेडा’ म्हणत. मला हे नाव आवडलं नाही. न भिणं हे वेडेपण कसं?

रेनडिअर मात्र खूप जवळून पाहिले. हिमयुगानंतर ते स्कॉटलंडमध्ये होते, मग संपले. १९५२ मध्ये मिकेल उत्सी नावाचे स्वीडनचे सामी पशुपालक तिथे रेनडिअर घेऊन आले, कारण केर्नगॉर्मवरचं दगडफूल पाहून त्यांना आपल्या घरची आठवण झाली होती. आज तो कळप सुमारे दीडशेचा आहे आणि डोंगरावर मोकळा चरतो. त्यांच्यात माद्यांनाही शिंगं असतात. आणि चालताना त्यांच्या पायातून टक टक असा आवाज येतो, घोट्याजवळच्या शिरेचा. धुक्यात कळप दिसायच्या आधी तो आवाज ऐकू येतो. मी ऐकला.

खालच्या पाइनच्या रानात कॅपरकेली राहतो, टर्कीएवढा मोठा काळा रानकोंबडा. त्याच्या गेलिक नावाचा अर्थ रानातला घोडा असा सांगतात. अठराव्या शतकात तो स्कॉटलंडमधून पार संपला, १८३७ मध्ये स्वीडनहून परत आणला आणि २०२१-२२ च्या मोजणीत सबंध देशात फक्त ५४२ उरले होते. मी तो पाहिला नाही आणि शोधायलाही गेले नाही. माणसं बघायला जातात म्हणूनही तो बिथरतो.

एक ओळखीचा मात्र भेटला. लॉख गार्टन नावाच्या तळ्यावर ऑस्प्रे, मासे पकडणारा शिकारी पक्षी. तो १९१६ नंतर ब्रिटनमध्ये घरटं करेनासा झाला होता, १९५४ मध्ये त्याच तळ्यावर परत आला. हिवाळ्यात आजोबांना नांदूर मध्यमेश्वरला घेऊन जा. तिथे पाण्यावर घिरट्या घालून पाय पुढे करून सूर मारणारा पक्षी दिसला तर तो हाच. तो स्कॉटलंडचा नाही बरं का, तिथले पश्चिम आफ्रिकेला जातात. पण जात तीच, आणि सूर तोच.

प्रश्न : मी इगतपुरीला असतो, ट्रेकिंग करतो. केर्नगॉर्म्समध्ये एक प्रचंड करडा माणूस दिसतो, पावलं ऐकू येतात, असं वाचलं. भूत म्हणायचं की काय?

उत्तर : ती गोष्ट केर्नगॉर्मच्या शेजारच्या बेन मॅकडुईची, १,३०९ मीटर, ब्रिटनमधलं दुसरं उंच शिखर. नॉर्मन कॉली हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पट्टीचे गिर्यारोहक. १८९५ मध्ये ममरी या गिर्यारोहकाबरोबर ते नंगा पर्वतावर गेले होते. त्या मोहिमेत ममरी आणि दोन गुरखा साथीदार परत आले नाहीत. म्हणजे कॉली घाबरट नव्हते. त्यांनी १९२५ मध्ये अ‍ॅबरडीनला गिर्यारोहकांच्या सभेत सांगितलं की, १८९१ मध्ये ते मॅकडुईवर एकटे धुक्यात असताना मागून खडीवर पावलं वाजत होती, त्यांच्या तीन-चार पावलांमागे एक, आणि ते पळत सुटले ते कित्येक मैल थांबले नाहीत. त्यानंतर अनेकांनी ‘मोठा करडा माणूस’ पाहिल्याचं सांगितलं.

दिसण्याचं उत्तर तुम्हाला हरिश्चंद्रगडावर मिळेल. कोकणकड्यावर सकाळी पाठीशी सूर्य आणि समोर दरीत ढग असले की ढगावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती इंद्रधनुष्याचं पूर्ण कडं उमटतं. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याची १८३५ सालची नोंद प्रसिद्धच आहे. मी स्वतः ते एकदा पाहिलं, १९८७ च्या सप्टेंबरात. ढग जवळ सरकला की सावली एकदम राक्षसाएवढी होते, आणि आपण हात हलवला की तोही हलवतो. आपल्या लोकांनी त्याला देवाचं शस्त्र म्हटलं, तिकडे तोच करडा माणूस झाला. शेजाऱ्याच्या डोक्याभोवती कडं दिसत नाही, प्रत्येकाला फक्त स्वतःच्या सावलीभोवती दिसतं.

पावलांचं मी सांगत नाही. कॉली खोटं बोलले असं म्हणायचा मला हक्क नाही. धुक्यात त्या पठारावर मी वीस मिनिटं उभी होते, वाट कुठे आहे हे कळत नव्हतं, जावई होकायंत्र काढत होता आणि मला माझ्या श्वासाचा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत होता. त्या पठारावर भ्यायला भूत लागत नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये शाळेतली पाच मुलं आणि त्यांच्याबरोबरची एक तरुण मार्गदर्शक बर्फाच्या वादळात तिथे मरण पावली. दगडी निवारा जवळ होता, तो त्यांना सापडला नाही. तुम्ही पोरांना घेऊन कळसूबाईला, रतनगडला जाता. पावसात परत फिरायची वेळ आधी ठरवून जा, वर गेल्यावर ठरवू नका.

प्रश्न : मी पंचवटीत राहते, वय एकाहत्तर. मे महिन्यात मुलाकडे एडिंबरोला जाते आहे. माझे गुडघे दुखतात. तो डोंगर मला बघायला मिळेल का?

उत्तर : ताई, नक्की जा. सप्तशृंगीगडावर रुळांवरून चढणारी ट्रॉली झाली आहे ना, तशीच तिथेही आहे, २००१ पासून, सुमारे दोन किलोमीटर, १,०९७ मीटरपर्यंत. मध्ये काही वर्षं दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून निघण्याआधी मुलाला चौकशी करायला सांगा. वरच्या स्थानकातून पठारावर मोकळं हिंडण्यावर निर्बंध आहेत. राग मानू नका. तिथलं रोप बोटभर वाढायला कित्येक वर्षं घेतं आणि पिल्लं दगडांत बसलेली असतात. तिथे विलो नावाचं झाड आहे, आपल्या वाळुंजीच्या कुळातलं, तेही करंगळीएवढंच उंच होतं. खिडकीजवळ बसून खाली बघा, खोऱ्यातलं तळं आणि पाइनचं रान दिसेल.

परत येताना अ‍ॅव्हिमोरच्या रस्त्यावर गाडी थांबवा आणि मागे वळून बघा. दुकानात पिवळट तपकिरी स्फटिकाची पिन दिसेल, धुरकट रंगाची. तिलाही केर्नगॉर्मच म्हणतात, याच डोंगरातला तो दगड, तिथले लोक पोशाखाला लावतात. घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, महाग असते. लोकरीचे पायमोजे मात्र इथूनच न्या, आणि दशम्या. परत आलात की संध्याकाळी डोंगर निळा दिसला की तांबडा, तेवढं मला कळवा. मी गेले त्या दिवशी संध्याकाळी ढग होते.